डांगाणातल्या शेतकरी खेड्यात मुक्कामाला येताय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्याकडे मुक्कामाला येऊ इच्छिणाऱ्यांचे फोन आणि मेसेज वर्षभर चालू असतात, आणि त्यातले बहुतेक प्रश्न तेच असतात. म्हणून उत्तरं इथे एकत्र लिहून ठेवली आहेत. धरणाकाठच्या रिसॉर्टची माहिती इथे मिळणार नाही. भात पिकवून जगणाऱ्या एखाद्या वाडीत, कुणाच्या तरी घरी, एक-दोन रात्री राहायचं असेल तर मात्र यायच्या आधी हे वाचा. जिथे एका प्रश्नाचं उत्तर दुसऱ्यात आलं आहे तिथे क्रमांक दिला आहे.

१. डांगाण म्हणजे नेमका कुठला भाग?

अहिल्यानगर (पूर्वीचं अहमदनगर) जिल्ह्यातल्या अकोले तालुक्याचा पश्चिमेकडचा डोंगराळ पट्टा. एका अंगाला कळसूबाई, १,६४६ मीटर उंचीचं राज्यातलं सर्वात उंच शिखर. दुसऱ्या अंगाला हरिश्चंद्रगड. प्रवरा आणि मुळा या दोन्ही नद्या इथेच उगम पावतात. राजूर हे बाजाराचं गाव, शेंडी हे भंडारदरा धरणाला लागून. धरणाच्या कडेकडेनं मुरशेत, मुतखेल, पांजरे, उडदावणे, कोलटेंभे, रतनवाडी, साम्रद, घाटघर अशी गावं आहेत. वस्ती बहुतांश महादेव कोळी समाजाची, काही ठिकाणी ठाकर. इंग्रजांविरुद्ध उठाव करून १८४८ साली ठाण्याच्या तुरुंगात फाशी गेलेले राघोजी भांगरे याच भागातल्या देवगावचे. गावात त्यांचा पुतळा किंवा फोटो दिसला तर ते कोण, हे आधी माहीत असलेलं बरं.

गाव म्हणजे एका जागी दाटीनं बसलेली घरं असं चित्र मनात असेल तर ते काढून टाका. एका गावाच्या चार-पाच वाड्या असतात आणि दोन वाड्यांमध्ये ओढा, भाताची खाचरं नाहीतर टेकडी असते. ‘गावात पोचलो’ असा फोन करताना कुठल्या वाडीत पोचलात तेही सांगा.

२. यायला सगळ्यात चांगला काळ कुठला?

गावात त्या वेळी काय चालू असतं त्यावरून ठरवा.

मेच्या अखेरीपासून जूनच्या मध्यापर्यंत काजवे (प्रश्न ७). जूनमध्ये पहिल्या पावसावर राबात, म्हणजे भाजून तयार केलेल्या जमिनीत, भाताची रोपं टाकतात. जुलैत आवणी, म्हणजे भाताची लावणी (प्रश्न ६). हा आमचा वर्षातला सर्वात धावपळीचा आणि माझ्या मते सर्वात पाहण्यासारखा काळ. डोंगर धुक्यात, खाचरं पाण्यानं भरलेली, वाडीतलं चालतंफिरतं प्रत्येक माणूस गुडघाभर चिखलात. पण याच दिवसांत घरात बसून तुमच्याशी गप्पा मारायला कुणाला सवड नसते. चहा सकाळी सातच्या आत होतो, दुपारचं जेवण शेतावर जातं. तुम्हाला त्या वेळापत्रकात बसायचं असेल तरच जुलैत या.

ऑगस्टमध्ये रानभाज्या आणि धबधबे. सप्टेंबरमध्ये पाऊस ओसरला की सोनकी आणि तेरड्यानं पठारं रंगतात. भात पोटऱ्यात आलेला असतो, लोक थोडे मोकळे असतात. पहिल्यांदाच येणाऱ्याला मी हाच महिना सांगतो. ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरपर्यंत सोंगणी (कापणी) आणि झोडणी: आधी हळवी भातं निघतात, मग निमगरवी, शेवटी गरवी. नवरात्रात कळसूबाईवर मोठी यात्रा असते, त्या दिवसांत पायथ्याच्या बारी गावाकडचा रस्ता गर्दीनं भरतो. डिसेंबर-जानेवारीत थंडी कडाक्याची, शेतात हरभरा-मसूर. राजूरला डांगी जनावरांचं प्रदर्शन साधारण डिसेंबरच्या सुमारास भरतं. गुरांची आवड असेल तर ते चुकवू नका.

मार्च ते मेच्या मध्यापर्यंत करवंदं, जांभळं, आंबे असतात, काही गावांत बोहाडा, म्हणजे लाकडी मुखवटे घालून सोंगं नाचवण्याचा उत्सव होतो, पण पाण्याची टंचाई असते (प्रश्न ९).

३. गाडी नाही. एसटीनं येता येईल का?

येईल. मुंबईकडून कसारा किंवा इगतपुरीला उतरा. इगतपुरी-घोटी-बारी-शेंडी हा रस्ता ४०-४५ किलोमीटरचा आहे. घोटीहून एसटी आणि जीप मिळतात. पुण्याकडून नाशिक रस्त्यानं संगमनेर, तिथून अकोले, मग राजूर. पुणे ते संगमनेर साधारण १४० किलोमीटर, तिथून राजूर आणखी ४५. मुळेकाठच्या गावांना आळेफाटा-ब्राह्मणवाडा-कोतूळ हा रस्ता जवळचा पडतो.

शेवटचा टप्पा अवघड आहे. राजूर किंवा शेंडीहून आतल्या गावांना दिवसातून मोजक्याच गाड्या सुटतात. संध्याकाळची गाडी बहुतेक मुक्कामाची असते, म्हणजे ती रात्री गावातच थांबते आणि पहाटे परत निघते. ती चुकली तर खासगी जीप ठरवावी लागते. म्हणून दुपारी तीनच्या आत राजूर किंवा शेंडी गाठा, आणि घरमालकाला आधी विचारा की आज गाडी येते आहे ना. पावसात रस्ता खचला की ती अलीकडच्याच गावावरून मागे फिरते.

स्वतःची गाडी असेल तर घोटी किंवा अकोल्यात टाकी भरून घ्या, आणि दिवस मावळायच्या आत पोचा.

४. राहायची सोय कशी असते? वेगळी खोली, संडास मिळेल का?

धरणाकाठी तंबूंच्या जागा भरपूर आहेत, त्यांच्याबद्दल हे पान नाही. घरी राहायला येणाऱ्याला बहुतेक ठिकाणी पडवी किंवा मधली खोली मिळते. खाली सतरंजी, वर गोधडी. खाट मागितली तर मिळते, पण घरात एकच असेल तर ती आजीची असते, तेवढं ध्यानात ठेवा. संडास आता जवळजवळ प्रत्येक घराला आहे, मात्र घरापासून चार पावलं लांब, आणि भारतीय पद्धतीचा. अंघोळीला चुलीवर तापवलेलं पाणी बादलीनं.

घरातल्या माणसांचा दिवस पहाटे पाचला सुरू होतो. गोठा पडवीला लागून असतो. रात्री गुरांच्या घंटांचा, सकाळी कोंबड्यांचा आवाज येणारच. झोप हलकी असेल तर कानात घालायला कापूस आणा.

५. पैसे किती आणि कसे द्यायचे?

मुक्काम आणि जेवण यांचा दर माणशी ठरतो आणि गावागणिक, घरागणिक वेगळा असतो. फोनवरच स्पष्ट विचारा: यात किती वेळचं जेवण, चहा-नाश्ता धरला आहे का, कोंबडीचे वेगळे का. आमच्याकडे पाहुण्याला पैसे सांगायला माणसं लाजतात, मग ‘तुम्ही समजून द्या’ म्हणतात. तुम्हीच आधी आकडा ठरवून घेतला तर दोघांनाही सोपं जातं. ठरल्यावर निघताना घासाघीस करू नका.

रोख जवळ ठेवा. फोनवरून पैसे पाठवता येतात, पण रेंज असेल तिथेच. घाटघर-साम्रदकडे ती दिवसदिवस गायब असते. एटीएमचं काम राजूरलाच उरकून या. पैसे शक्यतो घरातल्या बाईच्या हातात द्या. चुलीपुढे दोन दिवस तीच राबलेली असते.

६. आवणीत आम्हाला हात लावता येईल का? मुलांना भात कसा लावतात ते दाखवायचं आहे.

हा प्रश्न जुलैत रोज येतो. लावता येईल, पण मालकाला विचारून आणि त्याच्या सांगण्याप्रमाणेच.

आधी काम समजून घ्या. उन्हाळ्यात शेणाच्या गोवऱ्या, पालापाचोळा, झाडांच्या फांद्या पसरून जमीन भाजून काढतात, तो राब. त्यात टाकलेलं रोप तीनेक आठवड्यांत वीतभर वर येतं. ते उपटून, मुळांची माती पाण्यात धुऊन, मुठी बांधतात आणि चिखलणी केलेल्या खाचरात ठिकठिकाणी फेकून ठेवतात. बाया ओळीनं उभ्या राहतात आणि मागे मागे सरकत लावत जातात. डाव्या हातात मूठ. उजव्या हाताचा अंगठा आणि दोन बोटं तीन-चार काड्या वेगळ्या काढतात आणि त्याच झटक्यात चिखलात दाबतात. खोल गेलं तर रोपाला फुटवे कमी येतात, वरवर राहिलं तर पाण्यावर तरंगतं. किती दाबायचं हे बोटाच्या पेरानं कळतं, दीडेक पेर. मुरलेली बाई हे खाली न बघता करते आणि तोंडानं गाणं चालू असतं.

तुम्ही लावलेल्या ओळीतली रोपं तरंगली तर संध्याकाळी कुणीतरी परत वाकून ती लावणार असतं. म्हणून एका कडेचा तुकडा मागून घ्या, तेवढाच लावा, आणि शांतपणे लावा. चिखलफेक आणि लोळण असले प्रकार खाचरात नकोत. चिखलणी करून एकसारखा केलेला गाळ त्यानं उधळतो. मुलांना खेळायचं असेल तर ओढा आहे.

अनवाणी उतरा. गमबूट गाळात रुततात आणि पाय काढताना शेजारची रोपं उपटून येतात. घड्याळ, अंगठ्या काढून ठेवा. दुसऱ्या दिवशी कंबर धरते, ते धरून चाला.

बऱ्याच वाड्यांत आवणी अजून एकमेकांच्या शेतात आळीपाळीनं जाऊन होते. आज ज्यांच्या खाचरात पंधरा माणसं दिसतात ती मजूर असतीलच असं नाही. ‘यांना रोज किती देता’ असं मोठ्यानं विचारू नका. शेजारणीला ते लागतं.

७. काजवे नक्की कधी आणि कुठे दिसतील?

वळवाचे दोन-तीन पाऊस झाले, हवा दमट झाली की साधारण मेच्या शेवटच्या आठवड्यात सुरुवात होते. मोठा पाऊस लागला की संपतं. त्यामुळे तारीख कुणीच देऊ शकत नाही, आणि जो देतो त्याच्यावर फार विसंबू नका. हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ, उंबर या झाडांवर ते जास्त असतात. एखादं झाड सगळंच्या सगळं एका लयीत पेटतं आणि विझतं. पहिल्यांदा पाहणारा माणूस बोलायचा थांबतो, हे मी कितीतरी वेळा पाहिलं आहे.

ही उघडझाप म्हणजे जोडीदाराला दिलेली हाक आहे. पूर्ण वाढ झालेला काजवा काही आठवडेच जगतो आणि तेवढ्या दिवसांत त्याला अंडी घालून पुढची पिढी मागे ठेवायची असते. तुमच्या गाडीचे दिवे, मोबाइलची बॅटरी, फोटोचा फ्लॅश त्या हाकेवर पडला की ती दुसऱ्याला दिसत नाही. माद्या बऱ्याचदा खाली गवतात, झुडपांवर असतात, त्या पायाखाली येतात. अळ्या ओल्या मातीत राहून गोगलगायी खातात, म्हणजे शेतकऱ्याच्या कामाच्या आहेत.

धरणाच्या वरच्या बाजूचा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, ते १९८६ साली जाहीर झालं. तिथे वन विभागाची प्रवेश फी असते आणि काजव्यांच्या दिवसांत रात्रीच्या वेळेवर बंधन असतं. नियम वर्षागणिक बदलतात, नाक्यावर विचारा. शनिवार-रविवारी शेंडीपासून गाड्यांच्या रांगा लागतात. मंगळवार-बुधवारी या, आणि गाडी घरीच लावून घरातल्या माणसाबरोबर पायी जा. त्याला कुठलं झाड आज चांगलं पेटलंय ते माहीत असतं. बॅटरी जवळ असू द्या (प्रश्न १४), पण तिच्यावर लाल जिलेटिन कागद बांधा आणि उजेड पायाशीच ठेवा.

८. जेवायला काय मिळतं? आम्ही शाकाहारी आहोत, काहीजण कांदा-लसूण खात नाहीत.

तांदळाची किंवा नागलीची (नाचणीची) भाकरी, भात, हुलग्याचं कालवण किंवा शेंगोळी, खुरासणीची (कारळ्याची) चटणी, खर्डा. पावसाळ्यात रानभाज्या: कुर्डू, चाई, बडदा, भोकर, कवळा. यातल्या काहींचं कोवळं पानच खायचं असतं, काही दोनदा उकळून पाणी टाकावं लागतं. म्हणून फोटो बघून स्वतः तोडून शिजवू नका. मांसाहार करणाऱ्यांना गावठी कोंबडी, आणि पावसाच्या सुरुवातीला ओढ्याचे खेकडे आणि मासे.

शाकाहाराची काहीच अडचण नाही, आमचं रोजचं जेवण तेच आहे. कांदा-लसूण नको असेल तर आदल्या दिवशी सांगा, ऐनवेळी नाही. वाटण सकाळीच झालेलं असतं. वेगळ्या भांड्यांची अट असेल तर भांडी तुम्ही आणा. पनीर, नूडल्स, ब्रेड मागू नका. लहान मुलाला दूध-भात किंवा भाकरीचा काला कुठेही मिळेल. तिखट कमी हवं असेल तर ‘कमी तिखट’ म्हणून भागत नाही, ‘मिरचीच घालू नका’ असं सांगा.

ताटात टाकू नये. भात कुठून येतो ते प्रश्न ६ मध्ये लिहिलं आहे.

९. तुमच्याकडे इतका पाऊस पडतो, मग उन्हाळ्यात पाणी जपून वापरा असं का सांगता?

घाटघरला वर्षाचा पाऊस ५ हजार मिलिमीटरच्या आसपास जातो. पण जमीन कातळाची आणि उताराची. पाणी मुरत नाही, चार महिन्यांत वाहून खाली जातं. भंडारदरा धरण १९२६ साली पुरं झालं, त्याची साठवण ११ टीएमसी आहे, आणि त्या पाण्यावर कालव्यांमधून खाली प्रवरेच्या सपाटीवर ऊस उभा राहिला. धरण डोळ्यांपुढे, पण वाडी त्याच्या पातळीच्या वर. उचलून आणायला वीज आणि पाइपलाइन लागते. त्यामुळे एप्रिल-मेमध्ये कित्येक वाड्यांवर बाया अजून डोक्यावर हंडे घेऊन चढ चढतात. काही ठिकाणी पाणलोटाची कामं झाली, बांधबंदिस्ती झाली, तिथे विहिरी जास्त दिवस टिकतात, पण सगळीकडे तसं नाही.

तेव्हा उन्हाळ्यात एका बादलीत अंघोळ. शॉवरची सवय दोन दिवस बाजूला ठेवा. शक्य असेल तर पिण्याच्या पाण्याचा कॅन गाडीतून आणा आणि रिकाम्या बाटल्या परत घेऊन जा. इथे कचरा गाडी येत नाही, मागे राहिलेलं प्लास्टिक शेवटी गुरांच्या पोटात नाहीतर ओढ्यात जातं.

१०. शेतातून, बांधावरून फिरलं तर चालेल ना? मोकळंच तर आहे.

मोकळं दिसतं, पण प्रत्येक इंच कुणाचा तरी आहे. पावसाळ्यात बांध ओला असतो. त्याच्या कडेवर पाय पडला की तो खचतो आणि वरच्या खाचराचं पाणी खालच्यात उतरतं, रोपं आडवी होतात. बांधाच्या मधोमध, एकामागून एक चाला. सोंगणीनंतर खळं सारवलेलं असतं, त्यावर चपला घालून जाऊ नका. तिथे धान्याची रास पडते आणि तिची पूजा होते.

आंबा, करवंद, काकडी झाडावर-वेलीवर दिसली म्हणून तोडू नका. मागा, ओंजळभर जास्तच मिळेल. हिरड्याच्या झाडाखाली पडलेली फळंही कुणाच्या तरी वाट्याची असतात. बाळहिरडा वेचून, वाळवून विकणं हे कित्येक घरांचं उन्हाळ्यातलं रोख उत्पन्न आहे.

देवराईतलं काहीच उचलायचं नाही, वाळकी काटकीसुद्धा नाही.

११. फोटो काढले तर चालतील का? ड्रोन?

माणसाचा फोटो विचारून. आवणीत वाकलेल्या बायांचा मागून काढलेला फोटो त्यांना अजिबात आवडत नाही. पुढे जा, ‘मावशी, काढू का’ म्हणा, बहुतेक हसून पदर सावरतील. नाही म्हणाल्या तर नाही. ड्रोन अभयारण्यात परवानगीशिवाय चालत नाही, आणि बाहेरही गुरं बुजतात. डांगी बैल शांत असतो, पण डोक्यावर गुणगुणणाऱ्या यंत्रापुढे तोही दावं तोडतो.

डांगी गुरांबद्दल एवढं सांगायलाच हवं: काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांची ही जात याच भागाची आहे. तिच्या कातडीतून तेलकट स्राव येतो, त्यामुळे धो-धो पावसात ती दिवसभर चरू शकते. पाठीवरून हात फिरवलात तर बोटाला चिकटपणा जाणवेल. मालकाला विचारून फिरवा, आणि समोरून जा.

१२. इथला तांदूळ विकत मिळेल का? खरा कसा ओळखायचा?

मिळेल, आणि तो घेऊन जाच. इंद्रायणी सगळीकडे आहे. त्यापेक्षा काळभात, जिरवेल, आंबेमोहोर, रायभोग यांपैकी काही त्या घरात आहे का ते विचारा. ही गावठी वाणं कमी उतरतात, उंच वाढून वाऱ्यात लोळतात, म्हणून मागणी नसेल तर शेतकरी ती सोडून देतो. कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी घरातच बियाण्यांची बँक उभी केली, त्यांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली. असं बी राखणाऱ्या म्हाताऱ्या आमच्या अनेक गावांत आहेत. काळभाताची लोंबी काळसर दिसते, तांदूळ मात्र पांढराच असतो. ‘काळा तांदूळ द्या’ म्हणून मागितलात तर गोंधळ होईल.

ओळखायची रीत सोपी आहे. जिथे जेवलात, तिथलाच घ्या. रस्त्याच्या कडेला पाटी लावून विकला जाणारा सगळा तांदूळ याच डोंगरातला असतो असं नाही. घरचा तांदूळ गिरणीत फार पॉलिश केलेला नसतो, त्यात थोडी कणी असते, रंग किंचित मळकट असतो आणि तो लवकर पोरकिडा धरतो. घरी नेल्यावर उन्हात न टाकता सावलीत पसरून, कडुनिंबाचा पाला घालून ठेवा. नवा तांदूळ चिकट होतो आणि त्याला पाणी कमी लागतं. मोकळा भात हवा असेल तर जुना मागा, भाव थोडा जास्त पडेल.

दर किलोमागे शहरातल्या दुकानाएवढा सांगितला तर महाग म्हणू नका. एका घराची खाचरं बऱ्याचदा एक-दोन एकरांच्या आतच असतात. वर्षभराचा घरचा तांदूळ बाजूला काढून उरतं ते विकायचं.

१३. गावातल्या मुलांसाठी चॉकलेटं, वह्या, जुने कपडे आणू का?

चॉकलेटं नकोत. रस्त्यावर गाडी थांबवून वाटणाऱ्यांमुळे काही गावांत मुलं गाड्यांमागे धावायला लागली आहेत, हे आई-बापांना फार लागतं. जुने कपडेही नकोत. काही द्यायचंच असेल तर जिल्हा परिषदेच्या शाळेत गुरुजींना भेटा आणि काय हवंय ते विचारा. गोष्टींची पुस्तकं बहुधा हवीच असतात. घरी येताना पाहुण्यानं आणतात तसं आणा: फळं, भेळ, लाडू.

१४. साप, बिबट्या यांची भीती आहे का?

पावसाळ्यात साप असतात; घोणस, फुरसं, मण्यार हे विषारी. रात्री बॅटरीशिवाय चालू नका, बूट झटकून घाला, लाकडाच्या ढिगात हात घालू नका. चावलाच तर वेळ न घालवता राजूरचं ग्रामीण रुग्णालय गाठा, १०८ ला फोन लावा. रेंज नसेल तर घरातलं माणूस गाडी काढेल. चिरा देणं, घट्ट दोरी बांधणं, मंत्र यातलं काहीही करू देऊ नका.

बिबट्या आहे. तो माणसाला टाळतो, पण अंधार पडल्यावर लहान मुलांना अंगणाबाहेर एकटं सोडू नका. पाळीव कुत्रं आणायचं का, असंही बरेच विचारतात. नको. गुरं बिथरतात, गावची कुत्री अंगावर येतात आणि बिबट्याला कुत्र्याचाच मोह जास्त.

खरं सांगायचं तर इथे जीव गेले आहेत ते पाण्यात. धरणात, रांजणखळग्यांत, धबधब्याखाली पोहायला उतरू नका. वर डोंगरात पाऊस झाला तर खाली ऊन असताना लोंढा येतो. साम्रदजवळची सांदण दरी पावसाळ्यात बंद असते. ‘जरा डोकावून येऊ’ म्हणू नका.

१५. आम्ही चाळीसजण आहोत, रात्री शेकोटी, गाणी, थोडं ‘बसायचं’ आहे. जमेल का?

आठ-दहा माणसांपेक्षा जास्तीचा गट एका घरात बसत नाही. दोन-तीन घरांत विभागून राहायची तयारी असेल तर आधी बोलून ठरवा. शेकोटी, गाणी खुशाल, रात्री दहापर्यंत. स्पीकर नको. दारू घरात आणि अंगणात नको. व्यसनानं आमच्या भागातली घरं कशी बसली ते आम्ही पाहिलंय, आणि ते शिकवायला पाहुणे नकोत.

१६. सगळं ठरलं होतं आणि आदल्या दिवशी ‘येऊ नका’ म्हणाले. असं का?

हॉटेलात असं होत नाही, घरात होतं. भावकीत कुणी वारलं तर सुतक असतं, चूल पाहुण्यांसाठी पेटत नाही. गावदेवीचा दिवस असला की काही गावं तो पाळतात, त्या दिवशी शेतात औत जात नाही आणि बाहेरचा माणूस मुक्कामाला घेत नाहीत. सोंगणीत अवकाळी पाऊस आला तर घरातलं सगळं माणूस रात्रभर भात झाकायला धावतं. दिलेली आगाऊ रक्कम परत मिळते किंवा पुढची तारीख मिळते. फोनवर रागावू नका. बहुतेक वेळा शेजारच्या वाडीत तुमची सोय लावून दिली जाते.

तुम्ही येऊन पोचल्यावर असं काही घडलं तर कुणी सांगायची वाट न पाहता आवरायला घ्या. पैसे ठरल्याप्रमाणे देऊन निघा. कुणी ‘थांबा’ म्हटलं तरी.

१७. आम्हाला हा भाग फार आवडला. गावात थोडी जमीन घेता येईल का?

बहुतांश जमीन आदिवासी खातेदारांची आहे. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ मधल्या कलम ३६ आणि ३६-अ नुसार ती बिगरआदिवासीला सहजासहजी विकता येत नाही. जिल्हाधिकाऱ्यांची मंजुरी लागते आणि त्याआधी शासनाची मान्यता. नावावर एकाचं आणि ताबा दुसऱ्याचा असे कागद करून देणारे मध्यस्थ भेटतील. त्यांच्या नादी लागू नका. पैसे तुमचे बुडतात आणि खाचर शेतकऱ्याचं अडकतं. बिगरआदिवासी जमीन असली तरी शेतजमीन घ्यायला घेणारा शेतकरी असावा लागतो. ज्या घरी राहता तिथे हा विषय गमतीतही काढू नका. जमिनी कशा गेल्या याच्या आठवणी घरोघरी आहेत.

गावाशी नातं ठेवायचं असेल तर दुसरी वाट आहे. ज्यांच्याकडे उतरलात त्यांच्याशी वर्षाचा तांदूळ ठरवा, जूनमध्ये बी टाकायच्या आधी, म्हणजे तुमच्या मागणीप्रमाणे काळभात किंवा जिरवेल किती लावायचा हे त्यांना कळेल. थोडी उचल आधी द्या. आवणीच्या तोंडावर रोकड सर्वात जास्त लागते. उरलेले पैसे डिसेंबरमध्ये, तांदूळ भरडून झाल्यावर, तो न्यायला याल तेव्हा.